निम्मं करा, महाराज

मी वर्गात जे सांगेन त्याला दोननं भागून घ्यायचं, असा आमच्या कॉलेजात दस्तूरच पडला होता. तो पाडला आमच्या इतिहासाच्या सरांनी. माझ्या तासाला ते शेवटच्या बाकावर येऊन बसायचे. माझी गाडी उताराला लागली, म्हणजे रोमच्या बादशहाच्या पंगतीत वाढलेल्या मोरांची संख्या जरा जास्तच वाढायला लागली, की ते एक बोट उभं धरायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्याच्या मध्यावर सुरी फिरवल्यासारखं करायचे. पोरं मान वळवून मागं बघायची, मग पुढं माझ्याकडं. मी मोर कमी करायचो.

"निम्मं करा, महाराज," ते म्हणायचे.

महाराज मी फक्त त्यांचाच. आमचं घराणं मूळचं भिक्षुकीचं, निजामाच्या अमदानीत कारकुनीचं, आणि माझ्यापाशी येईतो मास्तरकीचं झालं. तिन्ही धंद्यांत तोंड चालवणं आलंच. सर बौद्ध, कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातून शिकत शिकत वर आलेले. बोलणं मोजकं, सदरा कडक इस्त्रीचा. त्या वर्षी अख्खं शहर तीन-तीन दिवस एकच शर्ट घालून फिरत होतं, पण सरांच्या बाहीची घडी अशी की तिच्यानं पेन्सिलीला टोक करावं.

तो दुष्काळ मी कसा सांगू? जायकवाडीचा तळ इतका उघडा पडला होता, की धरणात बुडालेल्या गावांतले लोक परत येऊन आपापल्या ओट्यावर बसले होते. क्रांती चौकातला सिग्नल उन्हानं वितळून लाल आणि हिरवा एकत्र झाला, त्यामुळं लोकं थांबतही होती आणि जातही होती. आमच्या गल्लीत टँकरमागं धावून धावून चार धावपटू तयार झाले.

"एक झाला असेल," सर म्हणायचे. "आणि सिग्नल वितळला नव्हता. लाइट गेली होती."

शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं आणि हद्दही वेगळी होती, पण ती रोज पुढं सरकत होती. पाणी मागं, शहर पुढं. काल जिथं ज्वारीचं धसकट बघितलं, तिथं आज सहा मजली इमारतीचा खड्डा आणि त्यावर हसणाऱ्या कुटुंबाचं पोस्टर. पोस्टरवर पोहण्याचा तलाव हमखास असायचा.

अशा वर्षी आमच्या बी.ए.च्या पोरांना एक इंग्रजी नाटक लागलं. रोममधलं. एका मोठ्या सरदाराला त्याचेच मित्र भर सभेत भोसकतात, आणि दुसरा एक मित्र त्याच्या मयतीवर असं भाषण ठोकतो की गाव पेटतं. ओळखणारे ओळखतील. आमची पोरं वैजापूरची, गंगापूरची, पिशोरची. उस्मानपुऱ्यात एका खोलीत चौघं-पाचजण राहायची. तासाच्या मध्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला की निम्मा वर्ग कळशा आठवून उठायचा. अशा पोरांना चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दोन हजार वर्षांपूर्वीचं रोम शिकवायचं. पहिल्या आठवड्यात मला कळलं, की या पोरांना सरदार मेल्याचं काही दुःख नाही. तो जगत कसा होता हेच त्यांना ठाऊक नाही.

मी स्टाफरूममध्ये सरांच्या टेबलापाशी गेलो.

"सर, तुमचं रोम मला उसनं द्या."

"काय करणार?"

"पोरांना दाखवणार. काय खायचे, कुठं झोपायचे, सगळं."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "तुमच्या हाती दिलं तर आठ दिवसांत इंद्राची सभा करून ठेवाल. मी पण येतो."

असे आम्ही दोघं एका वर्गात शिकवायला लागलो. दोन तास जोडून मिळाले. मी नाटक घ्यायचो आणि पात्रांना मिशा लावायचो. मध्येच सर शेवटच्या बाकावरून उठून, ती पात्रं सकाळी उठून काय करत असतील ते सांगायचे. मी म्हणालो, रोमचे लोक इतके झोपून जेवायचे की पुढं त्यांना बसताच येईना, म्हणून साम्राज्य पडलं. सुरी फिरली. "झोपून जेवायचे एवढं खरं. ते पण श्रीमंत. बाकीचे आपल्यासारखे, गाड्यावर उभ्यानं." मी म्हणालो, त्यांचे अंगरखे दुधात धुवायचे. सर म्हणाले, "दूध नाही. मूत. धोबी रस्त्याच्या कोपऱ्यावर मडकी ठेवायचे, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी त्यात करायचं, आणि त्यात कपडे तुडवायचे. कपडे पांढरेशुभ्र निघायचे." वर्ग फुटला. मी मनात म्हटलं, आयुष्यभर थापा मारल्या, पण एवढी मोठी कधी सुचली नाही. आणि ही तर खरी निघाली.

मी बादशहा घ्यायचो, सर बाकीचे. पाणी वाहणारे, भाकरी भाजणारे, हमामखान्याच्या खाली भट्टीत लाकडं घालणारे. सरदाराचा खून झाला त्या दिवशी त्याच्या घरचा हंडा कोणी भरला होता, असं त्यांनी एकदा विचारलं. मी नाटकाची पानं चाळली. त्यात नव्हतं.

एके दिवशी ते रोममधल्या इमारतींवर आले. पाच-पाच, सहा-सहा मजली, भाड्याच्या. मालकांनी पैसा वाचवायला भिंती पातळ ठेवायच्या आणि मग इमारतीच्या इमारती बसायच्या. पोरांनी लगेच शहरातल्या दोन-तीन बिल्डरांची नावं घेतली. सर म्हणाले, वरच्या मजल्यावर पाणी चढत नसे.

"आमच्याकडं पण चढत नाय," मागून कोणीतरी म्हणालं.

पिशोरची एक पोरगी होती. अंगानं काटकुळी, जीभ धारेची, रोज एसटीनं यायची आणि उशीर झाला की ड्रायव्हरची बाजू घेऊन भांडायची. तिनं हात वर केला. "सर, रोमात नळाला पाणी किती दिवसाआड यायचं?"

प्रश्न मला होता. मला उत्तर ठाऊक होतं, कारण आदल्या रात्री सरांनी दिलेलं पुस्तक वाचलं होतं. पण ते उत्तर तोंडातून काढताना, खोटं बोलतोय असं मलाच वाटलं.

"रोज," मी म्हणालो. "चौकाचौकात हौद होते. त्यात दिवसरात्र धार चालू. बंदच व्हायची नाही."

अख्ख्या वर्गानं मान वळवली. मागं सर बसले होते. पोरं त्यांच्या बोटाची वाट बघत होती. पिशोरवाली तर हसायला तयार होऊनच बसली होती.

सरांचे हात बाकावर पडलेले होते, ते तसेच राहिले.

"यात निम्मं करायचं काही नाही," ते म्हणाले. "दिवसरात्र. आणि कोणीही भरायचं. घरमालकीण भरायची, गुलाम भरायचा, कोणीही." थोडं थांबून त्यांनी परत म्हटलं, "कोणीही."

मला त्यांच्या गावची विहीर माहीत होती. लहानपणी त्यांची आई घागर घेऊन तिच्यापाशी उभी राहायची; कोणी वरून ओतेपर्यंत उभीच राहायची. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, चहा पिता पिता, बसच्या वेळापत्रकाबद्दल बोलावं तसं. वर्गात ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. बाहेर टँकरचा हॉर्न वाजला, आणि त्या दिवशी लवकर कोणी उठलं नाही.

मग ते मयतीचं भाषण आलं. नाटकातली सगळ्यात मोठी जागा. मी सकाळपासून गळा तयार करून आलो होतो. सर म्हणाले, "आधी मयत कशी निघायची ते सांगतो. नाहीतर पोरांना वाटेल नुसतं भाषणच असतं."

त्यांनी जे सांगितलं ते असं. रोममध्ये मोठा माणूस गेला, की त्याच्या मयतीत पुढं एक नट चालायचा. तोंडावर मेलेल्याच्या चेहऱ्याचा मुखवटा, अंगावर त्याचे कपडे. आणि तो नट हुबेहूब मेलेल्यासारखा वागायचा. तसाच लंगडायचा, तसाच खाकरायचा. माणूस कंजूष असेल तर रस्ताभर कंजूषपणा करत जायचा. लोक रडता रडता हसायचे.

वर्गात कालवा झाला.

"मयताला हसायचं?" पिशोरवाली म्हणाली. "आमच्याकडं असं केलं तर नटाला पण त्याच तिरडीवर बांधतील."

"मग भाषणाचा उपयोग काय?" दुसऱ्यानं विचारलं.

"भाषणात माणूस मोठा होतो," सर म्हणाले. "तो नट त्याला परत त्याच्या मापाचा करतो. नाहीतर घरच्यांना ओळखूच यायचा नाही."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "महाराज, माझ्या वेळी तुम्ही करा."

मी म्हणालो, "मी तुमच्या आधी जाणार. माझं तुम्हालाच करावं लागेल. पण तुम्हाला जमायचं नाही, तुम्ही मला निम्माच कराल."

पोरांनी गलका केला, करून दाखवा, आत्ताच दाखवा. मी मान खाली घातली, शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, बोटावर बोट कापलं आणि त्यांच्या त्या खर्जातल्या आवाजात म्हणालो, "निम्मं करा, महाराज." वर्ग लोटपोट झाला. सर फळ्यापाशी उभे होते. ते सगळ्यात जास्त हसले. डोळ्यांतलं पाणी पुसून म्हणाले, "बरं झालं. ठरलं."

मी ते गमतीत घेतलं. मी काय गमतीत घेत नाही?

पावसाळा आला आणि तसाच गेला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सरांचे पाय सुजायला लागले. सुजलेले पाय बुटात मावेनात म्हणून त्यांनी चप्पल घातली, तेव्हा अख्ख्या स्टाफरूमला काळजी वाटली. बाहीची घडी मात्र होती. मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यात दोनदा, पुढं तीनदा, दवाखान्यात मशीनवर रक्त धुवायला जावं लागायचं. आणि पाणी प्यायचं ते अगदी मोजून, कपानं.

"डॉक्टर पण तेच म्हणतात," सर म्हणाले. "निम्मं करा. त्याच्या पण निम्मं करा."

दुष्काळाचं दुसरं वर्ष. घरोघर लोक पाण्याला मोताद, आणि ज्या माणसाच्या घरी कष्टानं भरलेला माठ होता त्याला त्या माठाकडं बघायचीही बंदी. त्यात गंमत अशी, की त्यांचं रक्त एकदा धुवायला मशीनला जेवढं पाणी लागायचं, तेवढं त्यांना कित्येक महिन्यांत प्यायला मिळालं नसतं. ही माझी अतिशयोक्ती नाही, तिथल्या सिस्टरनं सांगितलं. दवाखान्याच्या आवारात टँकर उभा असायचा. सर त्याच्याकडं बघून म्हणायचे, "हा फक्त माझ्यासाठी. बादशहाला पण असं स्नान नव्हतं."

मशीनच्या खोलीला ते हमामखाना म्हणायचे. "रोमचे लोक दुपारी असेच जमायचे. पडून राहायचं, गप्पा हाणायच्या, कोणाचं कोणाशी जमलं नाही ते ऐकायचं. तुम्ही या दर वेळी. गप्पांसाठीच या."

मी जायचो. स्टुलावर बसायचो. त्यांच्या डाव्या हातात सुया असायच्या, तो हात हलवायचा नसायचा, म्हणून ते बोटावर बोट कापू शकत नव्हते. नुसत्या उजव्या बोटानं हवेत सुरी फिरवायचे. मी त्यांच्यासाठी खास खोटं घेऊन जायचो. रस्त्यानं चालताना घडवत घडवत जायचो. एकदा सांगितलं, प्राचार्यांच्या केबिनमधल्या एसीचं थेंब थेंब पाणी शिपाई बाटलीत भरतो आणि कुलगुरू आले की त्यांना तेच पाजतो. सुरी फिरली. "भरतो एवढंच खरं. पाजतो ते तुमचं." एकदा सांगितलं, वाळूजच्या कारखान्यात घामापासून पाणी काढायचं मशीन आलंय आणि कामगारांना जास्त घाम आला तर बोनस आहे. सुरी. "मशीन खोटं. जास्त घाम खरा."

त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. शाळा सुटली की थेट तिकडं यायच्या. बाहेरच्या बाकावर बसून वह्या तपासायच्या आणि आत आमचं हसणं ऐकून मान हलवायच्या. मला म्हणायच्या, "भाऊजी, तुम्ही आलात की यांचं ब्लडप्रेशर खाली येतं. डॉक्टरांपेक्षा तुमचं खोटं बरं."

आणि एक दिवस त्यांनी सुरी फिरवली नाही.

मी त्या दिवशी भलतंच काहीतरी सांगितलं. म्हणालो, आपल्या पिशोरच्या पोरीनं गावात त्या नाटकाचा प्रयोग केला. मयतीचं भाषण तिनं अहिराणी-मराठीत असं ठोकलं, की लोक पेटले, सगळ्या गावानं कुदळी उचलल्या आणि रात्रीत तलावाचा गाळ काढला. खाली झरा लागला. आता पिशोरला चौकात दिवसरात्र धार चालू आहे, कोणीही भरतं.

एवढं मोठं खोटं मी पुरतं बनवूही शकलो नव्हतो. पोरगी घरी होती; फी थकली म्हणून त्या सत्रात आलीच नव्हती. गावात टँकर होता. मी हवेतल्या बोटाची वाट बघत थांबलो.

सरांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "खरंच?" ते म्हणाले. "झरा लागला?"

मी त्यांच्या उजव्या हाताकडं बघितलं. तो चादरीवर होता. त्याला हलायचं नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

"सांगा की मग," ते म्हणाले. "सगळं सांगा."

मी सगळं सांगितलं. झऱ्याचं पाणी कसं गोड, धार किती जाड, कोण कोण आलं भरायला. म्हाताऱ्या, पोरं, गावातले, गावाबाहेरचे. मी बोलत राहिलो आणि ते ऐकत राहिले. आयुष्यात मला इतकं विश्वासानं कोणी ऐकलं नव्हतं, आणि मला वाटत होतं कोणीतरी येऊन मला थांबवावं.

मशीन संपताना त्यांनी पापणी उचलली. "ते लक्षात आहे ना? मयतीचं."

"सर, काहीतरीच काय."

"मस्करी नाय." त्यांचं गावाकडचं बोलणं आता वर यायला लागलं होतं. "सभेत सगळे मला लई मोठं करतील. मी कोण ते मलाच कळायचं नाय. कोणीतरी निम्मं करायला पाहिजे. तुम्ही मला बघितलंय."

मी हो म्हटलं.

ते त्याच महिन्यात गेले. सकाळी, शाळा भरायच्या वेळेला.

आठवड्यानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. तुम्ही कधी गेला नसाल तर सांगतो: वंदना होते, भंतेजी सूत्रं म्हणतात, जलदानाचा विधी होतो, आणि मग माणसं उठून गेलेल्याबद्दल बोलतात. भाषणं असतात हे मला ठाऊक होतं. मी आदल्या दिवशी संध्याकाळी वहिनींकडं गेलो. न विचारता करायची माझी छाती नव्हती.

मी सांगितलं. रोमची मयत, नट, सरांनी माझ्याकडून घेतलेला शब्द. वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

"सर," त्या म्हणाल्या. भाऊजी नाही, सर. "तुम्ही यांची नक्कल करणार?"

"नक्कल म्हणजे..."

"यांच्या बोलण्याची, चालण्याची. आमच्या माणसांसमोर. तुमच्या घरातल्या माणसानं." त्यांनी आवाज चढवला नव्हता. "लहानपणी शाळेत यांच्या बोलण्याला पोरं हसायची. कुठल्या घरातली पोरं, ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हापासून यांनी कधी बिनइस्त्रीचा सदरा घातला नाही. मी पंचवीस वर्षं रोज सकाळी तो सदरा बघितलाय. आणि आता शेवटी तुम्ही उठून लोकांना हसवणार?"

सरांनी मला विचारलं तेव्हा वर्गात हसणारी पोरं होती, माझी नि त्यांची. इथं तो वर्ग नव्हता. आणि सर नव्हते, तर 'ठरलं' कोण म्हणणार?

"नाही करणार," मी म्हणालो. "शब्द देतो."

म्हणजे एक शब्द सरांना, एक वहिनींना. आणि दोन्ही उद्या एकाच तासाला.

विहाराच्या सभागृहात गर्दी होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत. पुढं हार घातलेली सरांची तसबीर, फोटोत बाहीची घडी. मागच्या रांगेत आमची पोरं बसली होती. पिशोरवालीही होती, कोणाच्या तरी मोटारसायकलवर आली होती. वहिनींनी आणि मुलांनी मिळून हातात भांडं धरलं. भंतेजी सूत्र म्हणत होते, आणि पाण्याची बारीक धार खालच्या वाटीत पडत होती. वाटी भरली, काठ ओलांडून पाणी ताटात सांडलं. त्या वर्षी सांडणारं पाणी बघायची कोणालाच सवय नव्हती. सगळ्यांचे डोळे त्या वाटीवर होते.

मग भाषणं झाली. संस्थेचे एक पदाधिकारी म्हणाले, सर ज्ञानाचा महासागर होते. कोणी म्हणालं चालतंबोलतं विद्यापीठ. कोणी म्हणालं, त्यांनी आयुष्यात कधी कोणावर आवाज चढवला नाही. बोलणारे खोटं बोलत नव्हते, प्रेमानं बोलत होते. पण दर भाषणाला तसबिरीतला माणूस वर वर जात होता. सागर झाला, हिमालय झाला. मला तो दिसेनासा झाला.

माझं नाव पुकारलं. लोक सावरून बसले. मी बोलणारा म्हणून प्रसिद्ध. मी वहिनींना शब्द दिला होता, म्हणून बरं तेवढंच बोलायला लागलो.

"सरांनी हजारो विद्यार्थी घडवले," मी म्हणालो. "सर कधी कोणावर रागावले नाहीत. शेवटच्या दिवसांत त्यांना काहीही त्रास झाला नाही. अतिशय शांतपणे, तृप्त मनानं..."

आणि सवयीनं मी मागं, शेवटच्या रांगेकडं बघितलं.

माझी नजर तिकडं गेली, तशी पोरांनीही माना वळवल्या. तीन वर्षांची सवय त्यांची. मी वाढवून बोललो की मागं बघायचं. मागं भिंत होती, आणि तिला टेकून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या. पोरं त्या भिंतीकडं बघत राहिली. पिशोरवालीनं ओढणी तोंडात धरली.

मी काही ठरवलं नव्हतं. हात आपोआप वर आले. एका हाताचं बोट उभं राहिलं, दुसऱ्याचं त्याच्या मध्यावरून फिरलं. आणि माझ्या गळ्यातून त्यांचा खर्ज निघाला.

"निम्मं करा, महाराज."

पोरांतून एक हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. मग दुसरं. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी वहिनींकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबलो असतो.

"हजारो नाही," मी माझ्या आवाजात म्हणालो. "वर्षाला एखादाच. पण तो पक्का. आणि रागवायचे. माझ्यावर रोज. आणि त्रास झाला त्यांना. लई झाला. तहान लागायची. ओठ ओले करायला कापूस मागायचे. तेवढं मात्र मला निम्मं करता येत नाही."

मी खाली बसलो. दोन्ही शब्द निम्मे निम्मे झाले होते. कोणाचा पाळला आणि कोणाचा मोडला, मला सांगता येणार नव्हतं.

जेवणं झाली, माणसं पांगली. बाहेर आवारात एक कडुनिंब आहे, त्याची पानंसुद्धा त्या वर्षी धुळीनं पांढरी होती. वहिनी जलदानाची वाटी घेऊन तिथं उभ्या होत्या. ते पाणी झाडाला घालायचं असतं. मी चपला न घालताच गेलो.

"वहिनी, मी शब्द..."

"चुकलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"ते नाही म्हणत." त्यांनी वाटी हळूहळू बुंध्याशी रिकामी केली. माती इतकी कोरडी, की पाणी क्षणभर वरच थांबलं, मग एकदम आत गेलं. "बोट चुकलं. उभं बोट यांचं डावं असायचं. कापायचे उजव्यानं. तुम्ही उलटं केलं."

मी माझ्या हातांकडं बघितलं.

"तुम्ही समोरून बघायचा," त्या म्हणाल्या. "म्हणून उलटं. मी शेजारून बघितलंय."

"घरी पण करायचे?"

"ताटात भाकरी वाढताना. मी पोरांवर ओरडायला लागले की. लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी पाहुण्यांची संख्या सांगितली, तेव्हा पहिल्यांदा केलं होतं. मी दाराआडून बघितलं." त्यांनी रिकामी वाटी पदराला पुसली. "करा परत, भाऊजी. नीट करा."

मी डावं बोट उभं धरलं.

"थोडं खाली. छातीशी. त्यांना वर धरायला लाज वाटायची."

मी खाली घेतलं. उजवं बोट त्याच्या मध्यावर ठेवलं.

"हं," त्या म्हणाल्या. "आता म्हणा."

मी तोंड उघडलं. ज्या गळ्यानं उभ्या जन्मात कधी दगा दिला नव्हता, त्यातून हवा आली, शब्द आला नाही. वहिनी समोर नव्हत्या. त्या वळून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या, जिथून त्यांना ते बोट सरळ दिसत होतं.

"म्हणा," त्या म्हणाल्या. "घाई नाही."